वाल घेऊन टोपीच्या दुकानात

तुझ्या डोक्यावर टिकलेली पहिली गरम टोपी आम्ही पेणच्या बाजारात घेतली, आणि ती घेण्यासाठी तुझ्या आईने सबंध दुकान गप्प बसवलं. तुला हे आठवणार नाही, तू तेव्हा फारच लहान होतीस. धाकटी तर जन्मालाही आली नव्हती. म्हणून तुम्हा दोघींसाठी ही तुमची आजी लिहून ठेवते आहे.

बाबा आधीच तिकडे परदेशात गेले होते. तू आणि आई रोह्याला माझ्याकडे होतात, व्हिसाची वाट पाहत. तुझ्या कानांना मशीन लागून थोडेच महिने झाले होते. त्याआधी तू नुसती आमच्या तोंडाकडे बघत राहायचीस. आता हाक मारली की मान वळवायचीस आणि एकेक शब्द बोलू लागली होतीस.

बाबांचा फोन आला, इथे बर्फ पडतोय, कान झाकणारी टोपी घेऊनच या. रोह्याची थंडी म्हणजे पहाटे शाल पांघरायची आणि चहा होईपर्यंत घडी करून ठेवायची. तरी मी इथूनच एक लाल कानटोपी आणली, वर गोंडा असलेली. ती तुला घातली आणि मशीन शिट्टी वाजवू लागलं. मशीनवर काही दाबून बसलं की ते तसं वाजतं. तू टोपी ओढून फेकून दिलीस.

बाबांकडे सोपा तोडगा होता. "बाहेर पडताना मशीन काढायचं, टोपी घालायची. घरी आलं की परत मशीन."

"बाहेरच तर माणसं बोलतात," आई म्हणाली. "तिकडे घरात दिवसभर मी एकटी. तिने काय जन्मभर माझंच ऐकायचं?"

पेणला तुला ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांच्याकडे आम्ही गाडीने जायचो. त्यांनी आईला एक खेळ शिकवला होता. तू वालाचा दाणा गालाशी धरून बसायचं. आई तुझ्या पाठीमागे उभी राहून, तोंडावर हात धरून एकेक आवाज काढणार: आ, ऊ, म, श, स. आवाज आला की तू दाणा वाटीत टाकायचा. रोज सकाळी मशीन लावलं की आधी हा खेळ, मग चहा-नाश्ता. यात तिने कधी खाडा केलेला मला आठवत नाही.

त्या दिवशी बाईंकडून निघाल्यावर आई सरळ कपड्यांच्या दुकानात शिरली. पिशवीतली वालाची वाटी काढून तिने गल्ल्याशेजारी ठेवली.

"लहान मुलांच्या गरम टोप्या दाखवा. असतील तेवढ्या."

"ताई, यंदा गरम टोपी मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच," म्हणत दुकानदाराने माळ्यावरून खोका उतरवला.

पहिल्या टोपीत शिट्टी वाजली. दुसरी आतून मऊ अस्तराची होती, तिच्यात शिट्टी नाही. आ, ऊ, म, तीनही दाणे वाटीत पडले. श आणि स आले तेव्हा मात्र तू दाणा गालाशी धरून तशीच वाट पाहत उभी राहिलीस; हे बारीक आवाज अस्तरातच अडकत होते. आईने टोपी काढून बाजूला ठेवली. मग तिने पंखा बंद करायला लावला, दुकानदाराच्या मोबाइलवरचं गाणंही.

खाडीकडच्या गावातल्या दोघी बायका लग्नासाठी साड्या बघत बसल्या होत्या. त्यातली थोरली म्हणाली, "अगो, टोपी घेतेस का वाल निवडतेस?"

आईचं माहेरही खाडीकाठचंच. ती मागे न बघता म्हणाली, "दोन्ही गो मावशी. पोरीला कमी ऐकू येतं. टोपीतनं येतंय का बघते. तू जरा गप ऱ्हा, म्हंजे लवकर होईल."

दोघी एकदम गप्प झाल्या. मला चारचौघांत असं काही मागायला संकोच वाटतो. तिला वाटला नाही, आणि कोणी रागावलंही नाही.

पुढच्या टोपीला वाटीत दाणा वाजला. दुकानदार खूश झाला. "टाकला की! बांधू का?"

"तो तिने अंदाजाने टाकला. मी आवाज काढलाच नव्हता," आई म्हणाली आणि दाणा परत तुझ्या हातात दिला. मी तिच्याकडे बघत राहिले. आपल्या मुलीला ऐकू आलं असं मानून घ्यायला कुठल्या आईला आवडणार नाही? ती मानायला तयार नव्हती. तू कंटाळलीस की ती थांबायची, बिस्किट द्यायची, आणि न चिडता पुन्हा मागे जाऊन उभी राहायची.

शेवटी खोक्याच्या तळाशी एक शेवाळी रंगाची निघाली. सैल विणीची, कानांवर मोकळ्या पट्ट्या लोंबणारी. मी असा रंग कधी घेतला नसता. आईने आधी आत स्वतःचा हात घालून ऊब पाहिली, मग ती तुला घातली. शिट्टी नाही. ती मागे गेली, तोंडावर हात धरला. तेवढ्यात तीन-चार गिऱ्हाइकं बोलत आत आली, आणि आईने तोंड उघडण्याआधीच तू दाणा टाकलास.

"मी काही बोलले नाही गं," आई थकून म्हणाली.

"तू नाय बोलली," कोपऱ्यातून त्या थोरल्या मावशी म्हणाल्या. "मी त्यांना गप केलं. श्श् म्हटलं."

आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मध्ये अख्खं दुकान होतं.

"मावशी, परत कर गो. पण आता दाराबाहेर जाऊन."

मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला गेल्या. आत कोणी हलत नव्हतं. तुझी पाठ दाराकडे होती आणि दाणा गालाशी. बाहेरून एक रिक्षा गेली, तू टाकला नाहीस. मग मावशींनी श्श् केलं, आणि वाटीत दाणा पडला.