अमेरिकेची भिंत मी अल नस्रमध्ये बांधली

सन दोन हजार सोळा साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मी अमेरिकेच्या राजकारणात पडलो. मी तेव्हा कतारमध्ये होतो. अमेरिका मी पाहिलेली नाही, इंग्रजी मला येत नाही आणि शाळा माझी चौथीत सुटली (सुटली म्हणजे मीच सोडली, मास्तर चुकीचं शिकवत होते). पण मत असायला यातलं काहीच लागत नाही.

माझा मुलगा सुनील दोह्यात स्टेडियमच्या कामावर इंजिनियर. फुटबॉलचा वर्ल्डकप अजून सहा वर्षं लांब होता, पण धावपळ अशी, की जणू वऱ्हाड वेशीपाशी येऊन थांबलंय. जिकडं बघावं तिकडं क्रेन आणि खणलेले रस्ते. त्या धुरळ्यात सुनीलला मुलगा झाला. माझा पहिला नातू! एक महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर मी सिन्नरहून निघालो तो थेट दोह्याच्या अल नस्र वस्तीतल्या त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी. आमची मंडळी गुडघ्यांमुळे आली नाही. निघताना तिनं एवढंच बजावलं, की तिथं जाऊन कुणाशी वाद घालू नका.

वाद घालायला माणूस तिथं आधीच येऊन बसला होता. माझे व्याही. नाशिकच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. पण आमच्या सुनेची, स्वातीची, डॉक्टर दोह्यातली. म्हणून स्वाती माहेरी गेली नाही, माहेरच विमानात बसून दोह्याला आलं.

मी समजत होतो, मुलाचं घर म्हणजे आपलं घर. विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी वरणाला फोडणी देता देता खुलासा केला, की बारसं होईस्तोवर हे घर म्हणजे स्वातीचं माहेर, आणि मी तिच्या माहेरी आलेला पाहुणा. पाहुण्याला मान भरपूर असतो, अधिकार नसतो. बाळाच्या खोलीला पडदा लागला. मला आत प्रवेश सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला, तोही हात धुऊन. बारसं सव्वा महिन्यानं, शुक्रवारी ठरलं होतं. माझा व्हिसा त्याच आठवड्यात मंगळवारी संपत होता. तो वाढवून घ्यायचा होता, पण त्यात काय मोठंसं, असं मला वाटत होतं.

गुरुजी आणि मी हॉलमध्ये, समोरासमोरच्या दोन सोफ्यांवर. मध्ये टीव्ही. अमेरिकेत निवडणूक लागली होती आणि उमेदवारांची जी वादावादी व्हायची ती सकाळच्या चहाला पुन्हा दाखवत. गुरुजी ऐकत आणि मला मराठीत सांगत. उमेदवार तीन मिनिटं हातवारे करकरून बोलला, की गुरुजी सांगत, "विषय टाळला."

एके सकाळी त्यांनी सांगितलं, की एक जण सरहद्दीवर भिंत बांधायची म्हणतोय. मी कप खाली ठेवला. पंचेचाळीस वर्षं मी गवंडीकाम केलं. कोण माणूस बरा, कोण वाईट, मला ठाऊक नाही. पण आमच्याकडं सरपंच निवडून येतो तो गटारीवर, आणि इथं एवढ्या मोठ्या देशाची निवडणूक भिंतीवर चाललेली! माझ्या जन्मात गवंड्याला एवढा मान कुणी दिला नव्हता. मी तिथल्या तिथं भिंतीच्या बाजूनं झालो. गुरुजींना विचारलं, पाया किती खोल घेणार, ब्लॉक की वीट, वाळूत पाया धरणार कसा, आणि एवढ्या लांब भिंतीला रोज पाणी कोण मारणार? गुरुजी म्हणाले, यातलं तो काही सांगत नाहीये. मी म्हटलं, तुम्ही नीट ऐकत नाही.

झालं, पक्ष पडले. गुरुजींचं म्हणणं, माणूस काही हौसेनं घर सोडत नाही, आलेल्याला दार उघडावं.

"दार उघडावं ना, पण कागद बघून," मी म्हणालो. "कागद असेल त्यानं आत यावं."

"आणि नसेल त्यानं?"

"त्यानं गुमान परत जावं. नियम म्हणजे नियम."

हे वाक्य मी फार जोरात म्हणालो. पडद्याआडून बाळ दचकून रडायला लागलं.

दुसरा विषय होता अमेरिकेनं परमुलखात फौज पाठवण्याचा. तिथं पुन्हा आमचं उलटसुलट. गुरुजी म्हणत, शेजारी अन्याय चालला असेल तर ज्याच्या अंगात बळ आहे त्यानं मध्ये पडायलाच पाहिजे. मी म्हणायचो, आमच्या आळीत नवराबायकोच्या भांडणात जो मध्ये पडला, त्याला दोघांनी मिळून हाणलेला मी पाहिलाय. ज्याचं घर त्यानं बघावं. एवढं बोलून होतंय तोवर बाळाला उचकी लागली आणि मी सोफ्यावरूनच पडद्याकडं तोंड करून, त्याला कसं धरा, काय चाटवा, पाणी किती कोमट, सगळं सांगायला लागलो.

"आण्णा," आतून विहीणबाईंचा आवाज आला, "ज्याचं घर त्यानं बघावं, असं आत्ता कोण म्हणत होतं?"

घरात माझी अशी कोंडी झाल्यावर मी पक्षाचं काम बाहेर सुरू केलं. बिल्डिंगखाली मोइदूभाईंचं चहाचं दुकान होतं. केरळचा माणूस, करक म्हणून तो जो दाट, वेलचीचा चहा देतात ना, तो फार चांगला करायचा. तिथं ड्रायव्हर, मिस्त्री, फिटर असे सगळ्या मुलखांचे लोक यायचे. मी माझ्या हिंदीत त्यांना अमेरिका समजावू लागलो. चार दिवसांत मला 'दीवारवाले बाबा' हे नाव पडलं. (मी ते मानाचं समजत होतो.) शनिवारी दुपारी मी असाच रंगात आलेलो असताना एका नेपाळी मिस्त्रीनं, अगदी नम्रपणे, विचारलं, "बाबा, ये दीवार बनाएगा कौन?"

मी म्हटलं, मिस्त्री लोग.

"मिस्त्री आएगा कहाँ से?"

मी बराच वेळ चहा प्यायलो. कप रिकामा होता. मग खरं ते सांगावं लागलं, "बाहर से." दुकान हसून हसून पडलं. एका ड्रायव्हरनं तर माझ्या चहाचे पैसे भरले, एवढी त्याची करमणूक झाली.

आता माझ्या जागी शहाण्या माणसानं हसून विषय सोडून दिला असता. मी म्हणालो, बाहेरचा कशाला, मी स्वतः बांधून दाखवतो. मोइदूभाईंच्या दुकानामागं एक बोळ होता, त्यातून मांजरं येऊन कचऱ्याचा डबा पाडायची. तिथं आडवी भिंत घालायला त्यानं ब्लॉक आणि अर्धी गोणी सिमेंट कधीचं आणून ठेवलं होतं. ओळंबा नव्हता, मी दोऱ्याला कुलूप बांधलं. थापी नव्हती, भाताचं उलथनं घेतलं. माल हातानंच कालवला आणि ब्लॉकांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, बोटांनी भरल्या. संध्याकाळपर्यंत कमरेएवढी भिंत उभी! नेपाळी मिस्त्रीनं वाकून, एक डोळा मिटून बघितलं आणि मान डोलावली. मांजरं मात्र तिच्यावर चढून बसली; त्यांना उलट बरं झालं.

रविवारी सकाळी व्हिसा वाढवायला सरकारी ऑफिसात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे होते. सुनीलच्या साइटवर काँक्रीट पडणार होतं, त्याला हलता येईना. म्हणून दुभाष्या म्हणून गुरुजी बरोबर आले. मी टॅक्सीतच त्यांना सांगून ठेवलं, की माझं मी बघीन, तुम्ही मध्ये पडायचं नाही. गुरुजी म्हणाले, बरं.

खिडकीतल्या मुलीनं माझा उजवा अंगठा काचेवर ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. मग तर्जनी, मग मधलं. तिनं कागदी रुमाल दिला, क्रीम दिलं, स्वतः दाबून पाहिलं. लालच. मशीनच्या मते मला बोटंच नव्हती! चुन्यानं आणि सिमेंटनं पंचेचाळीस वर्षांत रेषा खाऊन टाकल्या होत्या, आणि उरल्यासुरल्या मी आदल्या दिवशी बोळात लिंपून आलो होतो. मी मागं वळून पाहिलं. गुरुजी खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते, भिंतीवरचं घड्याळ बघत. मी त्यांना आणखी दोन बोटांपर्यंत धीर धरू दिला. ती काहीतरी विचारत होती, मी प्रत्येकाला "यस" म्हणत होतो. तिनं माझा पासपोर्ट बंद करून बाजूला सारला आणि म्हणाली, "खलास."

ते मला समजलं. मंगळवारी विमान, शुक्रवारी बारसं. पाळण्याभोवती सगळं माहेर उभं राहणार आणि बाळाचा आजा सिन्नरला ओट्यावर बसून फोनच्या पडद्यात डोकावणार. नियम म्हणजे नियम, हे कुणीतरी फार जोरात म्हणालेलं मला आठवलं.

"गुरुजी," मी म्हणालो, "पडा मध्ये."

गुरुजी उठले, शर्ट ओढून नीट केला आणि झेंडावंदनाला बोलावं तसं इंग्रजी बोलायला लागले. त्यांनी माझे दोन्ही पंजे उचलून खिडकीत दाखवले. आपण काय सांगतोय तेही ते मला मध्येमध्ये सांगत होते. म्हणजे हा साधासुधा माणूस नाही, हा कारागीर आहे, आयुष्यभर सिमेंटमध्ये हात घातलेत. मला अभिमान वाटला. मुलीनं माझी नखं पाहिली. नखांत सिमेंट होतं, ओलसर, कालचं. तिनं पासपोर्टवरचा व्हिजिट व्हिसा पाहिला. मग आतून साहेबांना बोलावलं.

साहेब पांढऱ्या झग्यातले, तरुण, हिंदी उत्तम. त्यांनी नखं पाहिली आणि शांतपणे विचारलं, "बाबा, शुगल?"

शुगल म्हणजे काम, एवढं अरबी मोइदूभाईंच्या दुकानात कानावर पडलं होतं. पाहुणा म्हणून यायचं आणि गुपचूप कामाला लागायचं, हा तिथं मोठा गुन्हा. म्हणजे मी आता नुसता ठसा नसलेला नव्हतो, चोरून काम करणारा घुसखोर होतो! आणि व्हिसा सुनीलच्या नावावर, म्हणजे तोही गोत्यात. मी गुरुजींच्या कानात म्हणालो, काहीही सांगा, पण भिंतीचं बोलू नका. पण गुरुजी छत्तीस वर्षं मुलांना खरं बोला सांगत आलेले. त्यांच्याच्यानं होईना. ते हिंदीत म्हणाले, "एक ही दीवार बनाई, साहब. पगार नहीं लिया. कारण राजनीतिक है."

साहेबांनी शेजारच्या खोलीतून आणखी एका साहेबांना बोलावलं आणि गुरुजींना ते पुन्हा म्हणायला लावलं.

सुनीलला फोन गेला. तो साइटवरून तसाच आला, डोक्यावर हेल्मेट, बुटांना माती. सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही, तेच बरं झालं. साहेबांनी त्याला विचारलं, तुझा बाप इथं काम करतो का? सुनील म्हणाला, "काम नहीं करता, साहब. सुनता नहीं."

साहेबांनी माझा पासपोर्ट पुन्हा उघडून बघितला. मग म्हणाले, त्यांचे वडीलही तसेच आहेत. उद्या सकाळी या, हात धुऊन, तेल लावून. एक जरी बोट उठलं तरी बघू. आणि आज बाबांना सिमेंटच्या जवळपास जाऊ देऊ नका.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा पडद्याच्या आत बसायला मिळालं. विहीणबाईंनी बाळाची मालिश आटोपली आणि वाटीतलं उरलेलं बदामाचं तेल गुरुजींच्या हातात दिलं. मग त्या सांगत होत्या आणि गुरुजी माझं एकेक बोट चोळत होते. स्वाती तोंडाला पदर लावून हसत होती. मी एकदा म्हणालो, जरा हळू. गुरुजी म्हणाले, मध्ये बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पुन्हा त्या खिडकीशी. नऊ बोटं लाल. दहावी डाव्या हाताची करंगळी. थापी धरताना तिचा कधी उपयोग झाला नाही, त्यामुळं तिला कुणी त्रासही दिला नव्हता. हिरवा दिवा लागला! साहेबांनी शिक्का मारला, सुनील म्हणाला, चला आता. पण माझ्या मागं एक म्हातारा मिस्त्री होता, कुठल्या मुलखाचा कोण जाणे, आणि मशीन त्यालाही लाल दाखवत होतं. मी सुनीलचा हात सोडवला, रांग मोडून आत घुसलो, त्या माणसाला खांद्याला धरून बाजूला वळवलं, माझ्या बोटांचं तेल त्याच्या बोटांना पुसलं आणि त्याचा डावा हात ओढून करंगळी काचेवर दाबली. तो बिचारा घाबरून ओरडायला लागला.

साहेब बाहेर आले. त्यांनी गुरुजींना विचारलं, "इनको किसने बुलाया?"

"किसी ने नहीं, साहब," गुरुजी म्हणाले. "ये अमेरिका है."

मी वळून पाहिलं नाही. मला त्याची करंगळी धरून ठेवायची होती.