रुआँच्या म्युझियममधली खुर्ची

हसायचं तर हसून घ्या, पण सांगतो. इथे जबलपूरला कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालो, तरी अंगातली ड्यूटी काही गेली नाही. त्यापायी मी थेट फ्रान्समध्ये जाऊन फजिती करून आलो.

मुलगी मीनल तिकडे रुआँ नावाच्या जुन्या शहरात नोकरीला आहे. तिने सकाळी मला कॅथेड्रल फिरवलं, कमानीवरचं भलं मोठं घड्याळ दाखवलं आणि दुपारी एका म्युझियममध्ये सोडलं. "बाबा, आरामात पाहा. पाचला घ्यायला येते."

आता सकाळभर दगडी गल्ल्या तुडवून माझे गुडघे बोलून राहिले होते. एका दालनात कोपऱ्यात खुर्ची रिकामी दिसली. बसलो. अंगात निळा कोट. तिथले पहारेकरीही निळाच कोट घालतात, हे मला काय माहीत?

एक बाई आल्या, फ्रेंचमध्ये काही विचारलं. मी डावीकडे बोट दाखवलं. दहा मिनिटांनी परत येऊन "मेर्सी", म्हणजे थँक्यू, म्हणाल्या. टॉयलेटच असेल. मग एका जोडप्याने फ्लॅश मारला. मी नुसतं बोट हलवलं, तर बिचाऱ्यांनी मोबाइल खिशात टाकला. सांगा, घरी माझं इतकं कोण ऐकते?

तेवढ्यात सुटाबुटातला एक माणूस आला आणि सरळ संगमरवरी पुतळ्याचं नाक चाचपू लागला. मी उठलोच.

"ओ भैया, हाथ मत लगाओ."

तो फ्रेंचमध्ये काहीतरी सांगू लागला. "काहून ऐकून नाही राहिले?" म्हणत मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला दारापर्यंत नेलं. लोक बाजूला होऊन वाट देऊन राहिले होते.

दारात मीनल. तो माणूस तिच्याशी बोलता बोलता हसू लागला. तिचा चेहरा मात्र लालभडक.

"बाबा, हे इथले संचालक आहेत."

"अच्छा. मग पुतळ्याला काहून हात लावून राहिले?"

"त्यांच्याच म्युझियमचा आहे तो, तपासत होते. त्यांना वाटलं, तुम्ही आजच ड्यूटीवर लागले. म्हणतात, इतका कडक माणूस इथे कधी नव्हता."

तेवढ्यात खरा पहारेकरी कॉफी पिऊन आला. मला खुर्चीत पाहून बदलीचा माणूस आला समजून तो दोन तास निवांत होता.

मी हात जोडले, संचालकांनी हात मिळवला. बाहेर आल्यावर मीनल म्हणाली, "ते नदीचं चित्र कसं वाटलं? त्याच्यासाठीच तर आणलं होतं तुम्हाला."

"कोणतं?"

"तुमच्या खुर्चीच्या मागे होतं ना, भिंतभर."

दोन तास त्या चित्राला मी कोणाला हात लावू दिला नाही. बघितलं मात्र नाही.