मानसपूजेतला चेंडू

अनसूयेला दिवसभरात स्वतःची अशी दहाच मिनिटं मिळत. सकाळी चूल पेटायच्या आधी डोळे मिटून मानसपूजा. मनातच देवीला स्नान, मनातच गंध, मनातच तगरीचं एकेक फूल. आणि नेमकी तीच दहा मिनिटं टेनिसनं खाल्ली.

तिचे यजमान श्रीपादपंत कचेरीत कारकून. संध्याकाळी सिव्हिल लाइन्सच्या टेनिस कोर्टावर ते भय्यासाहेब वकिलांचे जोडीदार. पण पंतांची सर्व्हिस एक जाळीत, तर दुसरी कुंपणात. गेल्या शनिवारी लागोपाठ तीन डबल फॉल्ट झाले, तेव्हा भय्यासाहेब म्हणाले, "पंत, येत्या शनिवारीही असंच झालं, तर मी दुसरा जोडीदार पाहतो."

पंतांचं जेवणावरचं मन उडालं. त्यातच कुठल्याशा पुस्तिकेत त्यांनी वाचलं की श्वासानं आणि मनात चित्र पाहिल्यानं खेळ सुधारतो. झालं! संध्येतला प्राणायाम तर मुंजीपासून पाठ. रोज सकाळी पंत अंगणात उभे, हातात रॅकेट, डोळे मिटलेले, गाल फुगलेले, तोंड लालबुंद, आणि मग भिंतीवर एक सर्व्हिस.

शेजारच्या राधाबाई भिंतीवरून डोकावल्या. "काहून हो पंत, पोट दुखून राहिलं का?"

"कुंभक करून राहिलो!" पंत खेकसले. "बोलायला लावलंत, मोडला ना!"

चौथ्या दिवशी देवीचं स्नान अर्ध्यावर होतं आणि चेंडू सोवळ्याच्या घागरीत पडला. धप्प! अनसूया तडक बाहेर आली.

"अहो, श्वास कोंडून काहून मारता? मी फुंकणी तोंडाला लावून श्वास धरून बसले, तर चूल पेटेल का? जोर लावायचा तेव्हाच श्वास सोडायचा असतो."

पंत रॅकेटच्या तारा चाचपू लागले.

"आणि डोळे मिटून बघता तरी काय?"

"जिंकलेला कप दिसतो. भय्यासाहेब पाठ थोपटताना दिसतात."

"अच्छा! मग चेंडूकडे कोण बघणार? मी मानसपूजेत आधी प्रसाद खाते का? एक फूल उचलायचं, ते नीट बघायचं, वाहायचं. मग दुसरं." असं म्हणून तिनं घागर उपडी केली आणि पुन्हा नळावर गेली. शनिवारपर्यंत पंत अंगणात चेंडू मारताना हळूच फुंकर घालत राहिले. घागरीत आणखी दोनदा चेंडू पडला, ते तिनं मोजलं.

शनिवारी पंत परतले ते दारातूनच ओरडत. "हरलो!"

"मग ओरडता काहून?"

"डबल फॉल्ट एकसुद्धा नाही! भय्यासाहेब म्हणाले, जोडी कायम. उद्यापासून रोज सराव."

"रोज?" अनसूयेनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ती देवापुढे बसली. स्नान झालं, गंध झालं. मनातलं तगरीचं पांढरं फूल तिनं उचललं, तर ते हातातून सुटून सरळ वर गेलं आणि तिथेच गरगर फिरत राहिलं. अंगणातून फुंकर ऐकू आली.

"चुकले गं माय," ती पुटपुटली आणि पुन्हा स्नानापासून सुरुवात केली.