कांद्याच्या वाफ्यातली हजेरी

विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक म्हणून मी हयातभर मिरवलो. पण पदवीला असताना गणिताच्या वर्गात मी एकटाच होतो. महाराष्ट्र राज्य नवं, बुलढाण्यातलं आमचं कॉलेजही नवं. सर रिकाम्या बाकांसमोर उभे राहून "नंबर एक" पुकारायचे आणि मी, दुसरं कोण असणार, "हजर" म्हणायचो.

एका हिवाळ्यात वडील आजारी पडले आणि देऊळघाटच्या मळ्यातली कांद्याची लावणी माझ्या अंगावर आली. माझं कॉलेजला जाणं सुटलं. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि मी गळालो की वर्ग बंद, सरांची नोकरीही गेली. पण न झालेल्या तासाची हजेरी मांडणारे सर नव्हते. ते सायकलला हजेरीबुक बांधून थेट मळ्यात आले.

बांधावरून त्यांनी "नंबर एक" पुकारलं. चिखलाचे हात वर करून मी "हजर" म्हणालो. फळा नव्हता, म्हणून आईने नुकत्याच सारख्या केलेल्या ओल्या वाफ्यात ते काडीने लंबवर्तुळ काढू लागले. विहिरीवरून आईने पाहिलं. शेताच्या हद्दीवरून भाऊबंदांशी आमचं भांडण चालू होतं. तिला वाटलं, त्यांनी मोजणीवाला आणला. विळा घेऊनच ती धावत आली.

"काऊन हो, माह्या वाफ्यात रेघा मारून राह्यले? कोनं बलावलं तुमाले?"

सर दचकून मागे सरले ते नेमके रोपांच्या जुडीवर. मला हसू आवरेना. "माय, हे माहे सर हायेत," म्हणत मी तिला सगळं सांगितलं. तिने विळा खाली ठेवला.

"याच्याबिगर कोनीच नाही शिकत तुमच्यापाशी?"

"नाही हो बाई. हा एकटाच."

"मंग घेऊन जा याले. कांदा मी लावतो."

उरलेली सगळी लावणी तिने एकटीने केली. त्या हिवाळ्यात तिची कंबर जी धरली ती पुढे कधी सुटली नाही. मी परीक्षेला बसलो, आणि तिथून विद्यापीठापर्यंत पोचलो.

सरांचे उपकार मी प्रत्येक भाषणात सांगितले. आईला मात्र कधी काही बोललो नाही, याची लाज वाटते. निवृत्त झालो त्या दिवशी तिच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "माय, तू माह्यासाठी कंबर मोडून घेतली."

"तुह्यासाठी काहाची बे?" ती म्हणाली. "तो मास्तर एका पोरासाठी एवढ्या दूर सायकल हाकत आला व्हता. त्याले खाली हात कसं पाठवाव?"