भिंगकाका आणि पुसलेली मेरीमाता

भिंगकाका दुधाकडेसुद्धा भिंगातून बघायचे. "भैया, आज पानी किस कुएँ का है?" असं दूधवाल्याला रोज विचारायचे आणि रोज त्याच्याकडूनच दूध घ्यायचे. मूळचे साताऱ्याचे. लखनऊत तीस वर्षं काढली, पण कशावर म्हणून विश्वास बसला नाही.

जुनी हस्तलिखितं दुरुस्त करणाऱ्या प्रयोगशाळेत ते माझे साहेब. आणीबाणी उठली त्या वर्षी मी नागपूरहून तिथे प्रोबेशनवर लागले. पहिल्याच दिवशी बजावलं, "हाताचं तेल आणि मनातली भक्ती, दोन्ही बाहेर ठेवून यायचं. पानाला उघडं बोट लागलेलं मला खपायचं नाही."

एकदा छावणीतल्या चर्चमधून एक लॅटिन प्रार्थनापुस्तक आलं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी हाताने लिहिलेलं, वासराच्या कातड्याच्या पानांचं. अक्षरांवर सोन्याचा वर्ख, कडेने निळ्या वेली. काय देखणं होतं! पण मेरीमातेच्या चित्रात तिचा चेहरा आणि पाय पार पुसलेले. बाकी पान लख्ख.

पुस्तकाची पेटी मी एकटीनेच उघडली होती. काकांनी आधी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ओला बोळा फिरवलास?"

"नाही हो काका!"

"अच्छा? मग चेहरा काय उडून गेला?"

अंगाची नुसती आग झाली माझ्या. शनिवारी वर रिपोर्ट जाणार होता. तो गेला की नोकरी संपली, चला परत नागपूरला! तीन दिवस ते माझं टेबल, माझा कापूस तपासत होते. नखंसुद्धा! इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल.

शनिवारी काका घरून एक पोथी घेऊन आले. वारलेल्या काकूंची. कुलपात असायची, काका सुनेलाही हात लावू देत नसत. पहिल्या पानावर दत्ताचं चित्र, आणि पावलं गायब. काकू रोज वाचायला बसताना त्या पावलांना बोटं लावून कपाळाला लावायच्या. काकांनी दोन्ही पानं शेजारी मांडली आणि सकाळभर भिंग फिरवलं.

"बोळ्याने रंग ओघळतो, कडेला डाग धरतो," शेवटी म्हणाले. "हे झिजलंय. रोज कुणीतरी हिचे मुके घेत होतं गं."

रिपोर्ट त्यांनी माझ्यासमोर फाडला. माफी? छे! "तरी नखं काप," एवढंच म्हणाले.

पाद्रीबाबांना नवा चेहरा रंगवून हवा होता. काकांनी साफ नकार दिला आणि पुस्तक तसंच परत पाठवलं.

त्या शनिवारी संध्याकाळी मी निघाले आणि डबा विसरला म्हणून परत आले. काका पोथी बांधत होते. थांबले. हातमोजा काढला, दत्ताच्या पुसलेल्या पावलांना उघडी बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. बराच वेळ तशीच. मग मला दारात बघून पुन्हा तीच संशयी नजर.

"काय बघतेस? कुठे बोलायचं नाही."

नाही बोलले, काका. तुम्ही होतात तोवर कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.