उशीतली वात

गारुतच्या बसथांब्यावर ईमने तातांगला पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे खरं तर पाहिलं नाहीच. आधी लवंगी सिगारेटचा धूर आला. आठ-दहा मिनिटांनी मिशी आली. मिशीमागचा माणूस उगवेपर्यंत तिच्या दोन बसगाड्या निघून गेल्या, म्हणून नाइलाजाने लग्न केलं, असं ती आजही सांगते.

तीस वर्षं तो धूर तिच्या घरात नांदला. मग लेकीला, नेनीला, बाळ झालं आणि तिने जकार्ताहून कळवलं, की ज्या घरात सिगारेटचा वास येईल त्याचा उंबरा माझं बाळ ओलांडणार नाही. ईमने भात वाढण्याआधी नवऱ्याकडून वचन घेतलं. तातांगने सिगारेट टाकली आणि वाफ ओढायचं यंत्र, व्हेप, हाती धरलं.

पण सगळा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला. त्यातली तापून वाफ करणारी तारेची कॉइल तयार विकत आणणं म्हणजे त्याच्या लेखी शेजाऱ्याकडून दात घासून घेणं. ओसरीत बसून तो स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर केसाएवढ्या तारेचे सहा वेढे घेई, बटण दाबून ते लाल होतात का बघे, आणि मग त्यांतून कापसाची वात ओवी. त्यासाठी ईमचा भुवया कोरायचा चिमटा गेला. नातवाचं तोंड दिसणार म्हणून तिने त्यावरही पाणी सोडलं.

नेनी यायची त्याच सकाळी कॉइल करपली. नवे वेढे झाले, पण कापूस संपलेला. दुकानाच्या वाटेवर सिगारेटवाला बसतो आणि तातांगचा स्वतःच्या पायांवर भरवसा नव्हता. त्याने ईमच्या उशीची शिवण उसवली, चिमूटभर सावरीचा कापूस काढून वेढ्यांत भरला आणि बटण दाबलं. पिसांसकट कोंबडी भाजल्यासारखा वास घरभर पसरला.

तेवढ्यात नेनी बाळाला घेऊन दारात.

"बाबा, पुन्हा?"

"अगं, सिगारेट नाहीये. तुझ्या आईची उशी आहे."

ईमने उसवलेली उशी पुरावा म्हणून आणून दाखवली. नेनीने बाळाच्या नाकावर ओढणी धरली आणि आल्या पावली चियांजूरला सासरी निघून गेली.

जावळ तिथेच झालं. व्याह्यांनी रिवाजाप्रमाणे पाहुण्यांपुढे बशा भरभरून सिगारेटी मांडल्या होत्या. चाळीसेक पुरुष धुरातून चाचपडत बाळाला आशीर्वाद देत होते आणि नेनी सासूशेजारी बसून गोड हसत होती. सासरी नाक मुरडून चालत नाही, हे ईमला कुणी शिकवायला नको होतं.

व्याह्यांनी बशी तातांगपुढे धरली. यजमानाची बशी परत करणं म्हणजे अपमान. त्याने बायकोकडे पाहिलं.

"घ्या," ईम म्हणाली. "घरी आता एकच उशी उरलीय."

तातांग सध्या दिवसाला नऊ ओढतो. यंत्र रेडिओच्या जुन्या खुंट्यांच्या डब्यात पडलंय.