तनुजाचा कुजबुजणारा वर्ग

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. पाणी वेळेवर आले, पण गढूळ, तुरटी फिरवली. गॅसवाला येऊन गेला. तनुजा आठच्या आधीच निघाली आणि डबा जिन्यातच विसरली. आज तिच्या वर्गाची तपासणी.

एवढे लिहून पेन ठेवले, पण मन थाऱ्यावर नव्हते.

तनुजा माझी वरच्या मजल्यावरची भाडेकरू. हे गेल्यानंतर संत तुकाराम नगरातल्या या घरात मी एकटीच, म्हणून वरचा मजला तिला आणि तिच्या नवऱ्याला दिला. आदिनाथ चाकणच्या एका कंपनीत शिफ्ट करतो. ती चाकणच्या पुढे एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. मावळातल्या शेतकऱ्याची मुलगी. भात लावता लावता शिकली आणि परीक्षांवर परीक्षा देऊन ही नोकरी मिळवली. ती नोकरी सोडायची, असे तिने जुलैत मनाशी ठरवत आणले होते.

झाले असे की, आसपासच्या शाळा तपासणारे केंद्रप्रमुख जुलैत तिच्या वर्गावर आले. त्यांनी पुनम नावाच्या मुलीला धडा वाचायला उभे केले. पुनमचे आईवडील कामासाठी लातूरकडून आलेले. वर्गातली बहुतेक मुले अशीच, कंपन्यांच्या आधाराने उठलेल्या खोल्यांमधली. पुनमचे ओठ हलले, आवाज काही आला नाही. दुसऱ्याचे तेच, तिसऱ्याचेही तेच.

"बाई, वर्ग भरवलाय की मौन धरलंय?" केंद्रप्रमुख म्हणाले. मुख्याध्यापक हसले. शेऱ्यात लिहिले गेले की मुलांना वाचता येत नाही.

"काकू, पुनम वाचते हो," जिन्यात बसून तनुजा मला सांगत होती. "तिच्या तोंडाशी कान नेला ना, की अक्षर न् अक्षर कळतं. पण तपासायला येणारा माणूस कशाला कान नेईल?"

पिंपळे सौदागरला तिच्या नणंदेचे शिकवणीवर्ग आहेत. नणंद म्हणे, "ये इकडे. इथली पोरं पोपटासारखी बोलतात." पुढच्या तपासणीतही असेच झाले तर राजीनामा, असे तनुजाचे ठरले.

मी तिला माझ्या शाळेतली युक्ती सांगितली. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहत आणि म्हणत, मला इथवर ऐकू आले पाहिजे. तनुजाने ते करून पाहिले. पुनम रडली.

तिला आधार होता तो एका ब्लॉगचा. भोसरीहून चाकणला जाताना बसमध्ये ती तो वाचायची. यंत्रमागाच्या गावातल्या विजयश्री नावाच्या शिक्षिका आपल्या वर्गाविषयी लिहितात. काय जमले यापेक्षा काय फसले तेच जास्त. एकदा वर्ग आवरेना म्हणून त्या स्वच्छतागृहात जाऊन रडून आल्या, तेही लिहिले होते. "म्हणजे मी एकटीच नाही," असे तनुजा त्या दिवशी दोनदा म्हणाली. आदिनाथ चिडवायचा, "आमच्या घरात आता तिघं राहतात, काकू. मी, ही आणि विजयश्रीबाई."

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी तनुजा फोन घेऊन खाली आली. अक्षरे मोठी करून तिने नवा लेख माझ्यापुढे धरला. विजयश्रीबाईंनी लिहिले होते: "माझी मुलं बोलत नाहीत, ओरडतात. दोन वर्षं मी त्यांना उर्मट समजले. मग एकीच्या घरी गेले. भिंतीपलीकडे माग चालू होते. तिच्या आईनं मला पाणी हवं का ते ओरडून विचारलं, आणि मीही ओरडूनच हो म्हटलं."

मला हसू आले. "छान लिहितात गं!" मी म्हणाले. तशी तनुजाने ओठांवर बोट ठेवले आणि कुजबुजली, "हळू, काकू. नाइट करून आलेत, झोपलेत."

आणि बोट तसेच ओठांवर ठेवून ती थांबली.

"काकू," ती म्हणाली, "पुनमचे पप्पा पण नाइटलाच असतात."

दोन मजल्यांच्या घरात राहून आम्ही तिघे आदिनाथच्या झोपेला इतके जपतो. रात्रपाळीच्या आठवड्यात वर कुकर लागत नाही, मी खाली भांडे आपटत नाही. मग एका खोलीत पाच माणसे राहत असतील, तिथे लेकरांना काय शिकवले असेल? तनुजा सोमवारी शाळा सुटल्यावर पुनमच्या घरी गेली. दारातच पुनमच्या आईने हात हलवून तिला गप्प केले. आत पडद्यामागे माणूस झोपला होता. दोघी बायका बाहेर नळाशी उभ्या राहून बोलल्या, त्याही हलक्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी तनुजाने वर्ग शाळेमागच्या मैदानात नेला आणि सांगितले, "इथं कुणाचेच पप्पा झोपलेले नाहीत." मुले तिच्याकडे बघतच राहिली. मग जोड्या केल्या. एकाने वाचायचे, दुसऱ्याने ऐकायचे. ऐकू आले की एक पाऊल मागे सरायचे. पहिले काही दिवस कुणी फारसे मागे सरले नाही. तिने ते विजयश्रीबाईंना ब्लॉगखाली लिहून कळवले. त्यांचे उत्तर आले, "घाई करू नका. माझी मुलं अजून ओरडतातच."

आज संध्याकाळी तनुजा आली ती थेट माझ्याच दारात. चप्पलही काढली नव्हती.

"पुनमनं वाचलं, काकू. केंद्रप्रमुख साहेब कानांवर हात ठेवून म्हणाले, अगं हो, हो, मी इथंच आहे!"

"आणि बाकीची?"

"काहींनी वाचलं. काही अजून पुटपुटतात. साहेबांना म्हटलं, या मुलांपाशी जरा वाकून ऐका. वाकले हो! जुलैचा शेरा बदलला त्यांनी." ती पायरीवर बसली. "नणंदेला फोन करायचाय. येत नाही म्हणून सांगते."

"आधी जेव. डबा इथंच राहिला होता. मी गरम करून ठेवलाय."

हे सगळे आम्ही दोघी कुजबुजतच बोललो.

रात्रीच्या जेवणाआधी रोजनिशीत सकाळच्या ओळींखाली लिहिले: शेंगदाणे भाजून ठेवले. वर आदिनाथ झोपलेला, त्यामुळे मिक्सर लावला नाही. कूट उद्या.